घर क्रमांक चौदाचा कुटुंबप्रमुख

माझे आजोबा वारले आणि त्यानंतरची सहा वर्षं ते घर क्रमांक चौदामध्ये राहत होते. हे मी म्हणत नाही, शहराची डिरेक्टरी म्हणते. लाल कापडी बांधणीची, विटेएवढी जाड डिरेक्टरी दरवर्षी निघायची आणि पहिल्याच पानावर छातीठोकपणे सांगायची की यातलं प्रत्येक नाव आमच्या माणसाने दारात जाऊन विचारून घेतलं आहे, आणि मृतांची नावं वगळलेली आहेत.

मी एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. कागद कधी खोटं बोलत नाही असं म्हणणारा कुणी भेटला की मला त्याची कीव येते. कागद बोलतच नाही. बोलतात ती माणसं, आणि तीही एका खिडकीपाशी एक आणि पलीकडच्या खिडकीपाशी दुसरंच. त्यामुळे निवृत्त झाल्यावर घराण्याची वंशावळ करायला घेतली तेव्हा कागदांची भांडणं लागणार हे मला माहीत होतं. मला उलट तेच हवं होतं. सरळ जुळणाऱ्या कागदांत काय मजा?

"चौकशी," बाबा म्हणाले होते, "आपल्या घराण्यात आहेत किती जण? एका हाताच्या बोटांवर मावतो आपण. उगाच खाजवून खरूज काढू नकोस." चौकशी हे माझं घरातलं नाव. पडलं तेव्हा मी तीन वर्षांची होते, आणि आता साठी उलटली तरी सुटलेलं नाही.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. अजूनही समोरच्या माणसाशी बोलताना ते आधी त्याच्या चष्म्याची काडी वाकडी आहे का ते बघतात. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, शहरातल्या मोठ्या छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, त्यांच्या ओळी करायच्या, हे त्यांचं काम. छापखान्याने त्यांना दोन महिन्यांसाठी दुसऱ्या गावी नवीन विभाग लावून द्यायला पाठवलं. तिथे छातीत कफ धरला, दवाखान्यात ठेवलं, अकराव्या दिवशी वारले. क्रियाकर्म तिकडेच उरकलं. बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांनी ना आजारपण पाहिलं ना प्रेत. आजीने त्यांना एकदाच सांगितलं, तुझे वडील आजारी पडून वारले, आता येणार नाहीत. त्यानंतर मरेपर्यंत तिने नवऱ्याविषयी घरात अवाक्षर काढलं नाही. काही महिन्यांतच ती त्याच छापखान्यात कामाला लागली.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच डिरेक्टरीतली ती ओळ सापडल्यावर मी जे केलं त्याला गाढवपणाखेरीज दुसरा शब्द नाही. ओळीच्या सहाही वर्षांच्या फोटोप्रती काढल्या आणि घरी येऊन, गंमत बघा म्हणत, बाबांसमोर टेबलावर पसरल्या. रस्त्याचं नाव, घर क्रमांक चौदा, आजोबांचं पूर्ण नाव, पुढे कंपोझिटर. सहा वर्षं, सहा ओळी.

बाबांनी खिशातून भिंग काढलं. सहाही ओळी वाचल्या. मग पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

"दारात येऊन विचारायचे ना हे लोक?"

"असं लिहिलंय खरं. पण बाबा, असल्या चुका पैशाला पासरी असतात."

"दारात कोण असणार? आईच. मग ती सहा वर्षं सांगत होती की तो इथेच राहतो." त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "मेलेला माणूस घरात आहे असं कोणती बाई सांगते? पळून गेलेल्याचं सांगतात. लाजेपायी."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना अर्ध्यावर उठले. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते खिडकीशी पाठमोरे बसले होते आणि तसेच बोलले.

"मी आयुष्यभर वारलेल्या बापाचा मुलगा म्हणून जगलो. त्याचं काही वाटलं नाही, सवय झाली होती. पण टाकून दिलेला मुलगा म्हणून मरायचं नाही मला. तू हे उकरून काढलंस ना, आता तूच तडीस ने. तो मेला होता की आम्हाला सोडून गेला होता, एवढं मला सांग. गोड करून सांगू नकोस."

आता ही माझी हौस राहिली नव्हती.

पहिलं काम म्हणजे मृत्यूची नोंद तपासणं. त्या दुसऱ्या गावच्या दवाखान्याकडून नक्कल मागवली, ती महिन्याने आली. नाव बरोबर. धंदा, छपाईकाम. तारीख घरात माहीत होती तीच. पण वय चौतीस. शाळेच्या दाखल्याप्रमाणे आजोबा तेव्हा एकतीस वर्षांचे होते. जवळच्या नातेवाइकाचा रकाना कोरा, आणि माहिती देणारा म्हणून छापखान्याच्या त्या गावच्या व्यवस्थापकाची सही. दाव्याच्या फायलीत हा कागद आला असता तर मी त्यावर लाल शेरा मारला असता. ते नाव त्या काळी गल्लोगल्ली होतं. दुसऱ्याच कुणा बिचाऱ्याचा मृत्यू आमच्या आजोबांच्या खात्यावर जमा झालेला नाही कशावरून?

हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी नक्कल हातातून काढून घेतली आणि स्वतःच वाचली.

"तीन वर्षांचा फरक आहे."

"हो."

"बरं," एवढंच म्हणाले, आणि नक्कल घडी न घालता परत दिली.

छापखाना बंद पडून बरीच वर्षं झालीत. बंद होताना मालकांनी सगळे जुने कागद खोक्यांत भरून सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकले. अशी तेवीस खोकी. ती ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना सगळे कपाटबाई म्हणतात, कारण किल्ल्यांचा जुडगा त्या टेबलावर कधी ठेवत नाहीत, चहा पितानासुद्धा मुठीत असतो. त्यांचा नियम असा की एका दिवशी एकच खोकं उघडायचं. आधी त्या स्वतः ब्रशने धूळ झाडणार, मग उंदरांनी काय काय खाल्लं त्याची यादी करणार, आणि मग आपल्याला बघायला देणार. मी पहिल्या दिवशी घाई केली तर त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "बाई, हे कागद सत्तर वर्षं थांबलेत. तुम्हाला गुरुवारपर्यंत थांबायला काय होतंय?"

त्याच वाचनालयात रोज सकाळी एक गृहस्थ वर्तमानपत्रं वाचायला येतात आणि पेन्सिलीने त्यातल्या चुका दुरुस्त करून जातात. कपाटबाईंचं आणि त्यांचं त्यावरून हाडवैर आहे. त्यांना म्हणतात काना-मात्रा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्याच छापखान्यात मुद्रितशोधक होते. मी माझी अडचण सांगितली तशी ते खूश झाले. इतक्या वर्षांनी कुणीतरी छापलेल्या चुकीबद्दल त्यांना आपणहोऊन विचारत होतं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "डिरेक्टरी आमच्याच छापखान्यात छापली जायची. तिचे खिळे दरवर्षी कोण नव्याने जुळवणार? जुळवलेली पानं दोऱ्याने बांधून फळीवर ठेवून द्यायची. पुढच्या वर्षी जेवढं बदललं तेवढ्याच ओळी काढायच्या, बाकीचं तसंच छापायचं. तुमच्या आजोबांची ओळ काढायची राहून गेली असणार. मेलेली माणसं आमच्या फळीवर वर्षानुवर्षं जिवंत असत हो. एक वैद्य तर अकरा वर्षं रोगी तपासत होता."

मी घरी जवळजवळ धावतच गेले. बाबांना खिळे, दोरा, फळी, वैद्य सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, सहा फोटोप्रती काढल्या आणि भिंग तिसऱ्या प्रतीवर धरून मला बोलावलं.

"हे बघ. पहिल्या दोन सालांची अक्षरं गोल आणि ठेंगणी आहेत. तिसऱ्या सालापासून उंच, अंगाने बारीक. शेजाऱ्यांच्याही ओळी तशाच. चष्म्याच्या तक्त्यावर चाळीस वर्षं अक्षरं बघितलीत मी." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तिसऱ्या वर्षी सगळं पुस्तक नव्याने जुळवलंय. तेव्हा त्याचं नाव कुणीतरी पुन्हा जुळवलं. राहून गेलं नाही ते."

स्वतःच्या मनाला बरी वाटणारी गोष्ट माणसाने स्वतःच खोडून काढावी हे मी माझ्या नोकरीत फार थोड्यांना करताना पाहिलं. मला बाबांचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी काना-मात्रांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुमचे वडील आमच्या धंद्यात हवे होते."

सातव्या खोक्यात कामगारांचं रजिस्टर निघालं. आजोबांचं पान फाटलेलं होतं, पण वरचा भाग शाबूत होता. कामावर लागले ती तारीख जुलैची, वय अठरा. मी शाळेचा दाखला शेजारी ठेवला. त्याच सालच्या जूनमध्ये शाळा सोडली, वय पंधरा. एका महिन्यात पोरगा तीन वर्षांनी मोठा झाला होता. खिळ्यांच्या खात्यात अठराच्या आतल्याला घेत नसत हे काना-मात्रांनी सांगितलं, म्हणजे थाप का मारली तेही कळलं. आणि मग मी बोटांवर हिशोब केला. अठराव्या वर्षी लागले, सोळा वर्षं नोकरी झाली. अठरा आणि सोळा, चौतीस.

मी इतक्या जोरात खुर्ची सरकवली की कपाटबाईंच्या मुठीतल्या किल्ल्या वाजल्या. व्यवस्थापकाने दवाखान्यात वय सांगितलं ते छापखान्याच्या रजिस्टरावरून. खरं वय एकतीस लिहिलेलं असतं तर तो माणूस कुणीही असू शकला असता. पण ही थाप आमच्या आजोबांची स्वतःची होती, आणि ती त्यांच्यासोबत थेट दवाखान्याच्या खाटेपर्यंत गेली होती. चूक चुकीशी जुळली की मला खऱ्यापेक्षा जास्त खात्री वाटते, कारण खरं कुणालाही ठाऊक असतं, थाप मात्र ज्याची त्याची असते.

बाबांना हे पटलं. ते हसलेसुद्धा. "पंधराव्या वर्षी अठराचा? आमच्यात सगळे ताडमाड, खपून गेलं असेल." त्या रात्री जेवण नीट झालं. सकाळी मात्र पुन्हा खिडकीशी.

"नव्वद टक्के पटलंय," ते म्हणाले. "पण आई दारात उभी राहून ते का सांगत होती? तेवढे दहा टक्के माझ्या उशाशी येऊन बसतात."

त्यांचं बरोबर होतं. आमच्या खात्यात म्हणायचे, आपला पुरावा कितीही भक्कम असो, उलटा पुरावा कसा तयार झाला हे सांगता येत नाही तोवर फाईल बंद करायची नाही. मी नोकरीत हा नियम दुसऱ्यांना शिकवायचे. घरच्या कामात मात्र फाईल बंद करायची घाई झाली होती.

मग आठवं, नववं, दहावं खोकं. बिलं, शाईची पत्रं, कुणाच्या तरी लग्नपत्रिका. मी कंटाळून बघत होते आणि चौदाव्यात डिरेक्टरीच सापडली. छापलेली नव्हे, छापण्याआधीची. एका गठ्ठ्यात दारोदार फिरणाऱ्या माणसाने भरून आणलेल्या चिठ्ठ्या, आणि दुसऱ्यात कच्च्या छपाईचे लांबच लांब कागद, म्हणजे प्रुफं. सहापैकी चार सालांची होती. उरलेल्या दोन सालांचं वाचन उंदरांनी आटोपलं होतं.

घर क्रमांक चौदाची चिठ्ठी मला दहा मिनिटांत मिळाली. ती आजीच्या नावाची होती. कुटुंबप्रमुख म्हणून आजीचं पूर्ण नाव, त्यापुढे विधवा, आणि त्याखाली माहिती देणाऱ्याची सही. तिचीच, ठसठशीत. दुसऱ्या सालची चिठ्ठीही तशीच. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. दारात आलेल्या माणसाला आजीने दरवर्षी खरं सांगितलं होतं.

मग पुस्तकात आजोबा आले कुठून?

मी प्रूफ उलगडलं. कंपोझिटरने चिठ्ठी बघून आजीचंच नाव जुळवलं होतं. आणि त्या नावावर लाल शाईची आडवी रेघ होती, आणि समासात, त्याच लाल शाईत, स्वच्छ अक्षरात आजोबांचं नाव आणि धंदा. चारही सालं. बरोबर असलेली ओळ मुद्दाम चुकीची केली होती. दावे तपासताना मी खोटे कागद खूप पाहिले, पण त्यांत कुणाचा तरी लाभ असतो. मेलेल्या कंपोझिटरला डिरेक्टरीत ठेवून कुणाचं काय भलं होणार होतं?

काना-मात्रा वर्तमानपत्रावर पेन्सिल चालवत होते. मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. त्यांनी प्रूफ हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. माझ्याशी बोलत होते पण आवाज हळू झाला.

"ही लाल शाई बघा. डिरेक्टरीच्या कार्यालयाकडून आलेली दुरुस्ती आम्ही निळ्याने करायचो. लाल म्हणजे कानावरून."

"कानावरून म्हणजे?"

"प्रूफ वाचायला दोघं लागतात. एक जण मूळ मजकूर हातात घेऊन मोठ्याने वाचतो. दुसरा, म्हणजे शोधक, छापलेल्या कागदावर नजर ठेवून ऐकतो. कानावर आलं ते आणि डोळ्यासमोर आहे ते जुळलं नाही की लाल रेघ. शोधकाने मूळ मजकुराकडे बघायचंच नाही. डोळा तिकडे गेला की इकडची चूक निसटते. वाचणाऱ्याच्या तोंडून आलं ते ब्रह्मवाक्य. त्यावर शंका काढायची नाही, हा आमचा पहिला धडा." त्यांनी कागदाचं खालचं टोक माझ्याकडे केलं. "इथे दोघांच्या सह्या असतात. ही शोधकाची, माझ्या गुरूंची. आणि ही वाचणाऱ्याची."

दुसरी सही मी ओळखत होते. दहा मिनिटांपूर्वीच चिठ्ठ्यांवर पाहिली होती. "ही माझ्या आजीची," मी म्हणाले.

आजी छापखान्यात वाचायला जायची हे मला माहीत होतं. पण वाचायला म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. चौकशी म्हणे!

"तुम्ही त्यांची नात?" काना-मात्रांनी मला पहिल्यांदाच नीट बघितलं. "अकरा वर्षं वाचलंय त्यांनी माझ्याकडे. मी लागलो तेव्हा त्यांची पंचेचाळिशी उलटली होती. काय वाचायच्या! एका सुरात, पाणी न पिता, तीस-तीस पानं. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं बोलून दाखवायचं असतं ना. संध्याकाळपर्यंत घसा पार बसायचा. निघताना हाताने खूण करूनच येते म्हणायच्या."

मला आजी आठवते ती घरात गप्प असलेली. बाबा तर म्हणायचे, आईला माझ्याशी बोलायचं जिवावर यायचं. लहानपणी त्यांना वाटायचं की ती आपल्यावर रागावलेली आहे. ती दिवसभर दुसऱ्यांचं बोलून घरी यायची, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे चिठ्ठीवर स्वतःचं नाव दिसत असताना तिने आजोबांचं वाचलं," मी म्हणाले. "आणि तुमच्या गुरूंनी ऐकून लिहून घेतलं."

"हो."

"त्यांना कळलं नसेल? आजोबा त्याच छापखान्यातले होते."

"शेजारच्या खोलीतले," काना-मात्रा म्हणाले. "गुरुजींना माहीत होतं, आणि ती दुरुस्ती पुन्हा जुळवणाऱ्या कंपोझिटरलाही माहीत होतं. त्याने तर तुमच्या आजोबांबरोबर खिळ्यांच्या एकाच पेटीवर काम केलेलं असणार. बाई, चूक एकदा होते. सहा वर्षं झाली तर ती सगळ्यांनी मिळून केलेली असते. पण विचारलं असतं तर प्रत्येकाने नियम दाखवला असता. त्यांनी वाचलं, यांनी ऐकलं, त्याने जुळवलं. कोण कुणाला बोलणार?"

"पण सातव्या वर्षी का थांबली?"

हे त्यांना माहीत नव्हतं. मला मात्र ते बोलता बोलताच कळलं. सातव्या वर्षी आजी आणि बाबा घर क्रमांक चौदा सोडून दुसरीकडे राहायला गेले. सातव्या सालच्या डिरेक्टरीत नव्या पत्त्यावर आजीचंच नाव आहे, ते मी केव्हाच टिपून ठेवलं होतं. त्या नव्या घरात आजोबा कधी राहिलेच नव्हते. नवऱ्याला तिथे राहायला नेणं म्हणजे खोटं झालं असतं, आणि खोटं बोलणाऱ्यांतली ती नव्हती. चौदा नंबरात ते राहत होते, एवढंच तिने छापून घेतलं.

मी काना-मात्रांना विचारलं, ती ओळ ती कशी वाचत असेल, वाचून दाखवाल का? त्यांनी नाही-नाही केलं, मग घसा साफ केला, आणि कपाटबाई बघत असतानाच एका सुरात, भराभर म्हणाले, "चौदा स्वल्पविराम," पुढे आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, "स्वल्पविराम कंपोझिटर पूर्णविराम." पाच-सहा सेकंदांचं काम. पण आजीने ज्या माणसाविषयी घरात तोंड उघडलं नाही, त्याचं नाव वर्षातून एकदा मोठ्याने घ्यायला तिला एवढी जागा सापडली होती. कपाटबाईंनी एका चिठ्ठीची आणि एका प्रुफाची फोटोप्रत काढून दिली, आणि एका दिवशी दोन कागदांपेक्षा जास्त नाही हा आणखी एक नियम आहे असं सांगितलं. तो नियम त्यांनी तेव्हाच तयार केला असावा.

दुपारी घरी आले तेव्हा बाबा टेबलाशी बसून शेजाऱ्याच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होते. मी चिठ्ठी पुढे ठेवली. त्यांनी भिंग लावून ती वाचली, विधवा या शब्दावर थांबले, सहीवर थांबले.

"दारात तिने हे सांगितलं होतं?"

"दरवर्षी. चार सालांच्या चिठ्ठ्या आहेत. दोन सालांच्या उंदरांनी खाल्ल्या, ते सांगून ठेवते. गोड करून सांगत नाही."

मग प्रूफ ठेवलं. लाल रेघ, समासातलं नाव, खालच्या दोन सह्या. वाचणारा कोण, ऐकणारा कोण, कुणी कुठे बघायचं नाही, सगळं एकेक करून सांगितलं. सांगून झाल्यावर ते चिठ्ठीवरची आणि प्रुफावरची आजीची सही शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"दिवसभर बोलायची," ते म्हणाले. "आणि मला वाटायचं, माझ्याशी अबोला धरलाय."

"घसा बसलेला असायचा बाबा."

"आणि हे तिनेच वाचलं. स्वतःचं नाव समोर असताना."

"तिनेच."

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. शेजाऱ्याचा चष्मा उचलला, परत ठेवला. मग माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "म्हणजे तो सोडून गेला नव्हता."

"नाही. ते त्या दवाखान्यात वारले, बाबा. अकराव्या दिवशी. एकतीस वर्षांचे होते."

"नक्की?"

"नक्की. फाईल बंद."

"बरं झालं," बाबा म्हणाले.

आपण काय बोललो ते त्यांच्या कानावर पडलं, आणि ब्याऐंशी वर्षांचे माझे बाबा तोंडावर हात धरून वडिलांसाठी रडायला लागले. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.